सोपी वाट कोणी सोपी केली?

अवघड वाटांची वर्णने करणारे पुष्कळ भेटतात. सोप्या वाटेचा इतिहास सांगायला मात्र कोणी बसत नाही. आजचा तरुण कर्ज काढून का होईना, चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचवणारी गाडी घेतो आणि डांबरी सडक सोडून डोंगरात शिरू पाहतो. त्याचा पहिला प्रश्न अगदी रास्त असतो. नवशिक्याला झेपेल अशी सोपी आडवाट कोणती, आणि ती ओळखावी कशी? मोटारीच्या जाणकाराला विचारले तर तो टायर, गिअर आणि गाडीच्या पोटाखालची उंची यांविषयी सांगेल. त्याचे सांगणे खोटे नव्हे. पण आमचे म्हणणे असे की या प्रश्नाचे निम्मे उत्तर गाडीत नसून वाटेच्या इतिहासात आहे. डोंगरात कोणतीही वाट आपोआप सोपी होत नाही. ती कोणीतरी, काहीतरी वाहून नेण्यासाठी, कोणाच्या तरी घामाने सोपी करून घेतलेली असते. ते ओझे कोणते होते हे कळले म्हणजे वाट आज कितपत सोपी असेल हेही कळू लागते.

कामगार संघटनेच्या कामात ज्यांचे केस पिकले त्यांनी मोटारीच्या हौसेवर बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. खाणकामगारांच्या लढ्यांचा इतिहास वाचता वाचता आम्ही अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सान हुआन नावाच्या डोंगरांत जाऊन पोचलो. पाहतो तो ज्या खिंडींची नावे संपाच्या हकिकतीत येत होती, तीच नावे जीपगाडीच्या हौशी प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांत होती. एकाच वाटेची ही दोन पुस्तके एकमेकांना ओळखत नव्हती. त्यांची ओळख करून द्यावी, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम मुलूख समजून घेऊ. सान हुआन डोंगरांत तेरा-चौदा हजार फुटांची शिखरे दाटीने उभी आहेत. त्यांच्या पोटात सिल्व्हर्टन, यूरे, टेल्युराइड आणि लेक सिटी ही लहान गावे आहेत. त्यांतील सिल्व्हर्टन, यूरे आणि लेक सिटी यांना जोडणारा सुमारे ६५ मैलांचा कच्चा फेरा 'अल्पाइन लूप' या नावाने प्रसिद्ध आहे. या फेऱ्यात १२,६४० फुटांची सिनॅमन खिंड आणि सुमारे १२,८०० फुटांची इंजिनिअर खिंड लागते. आपल्या कळसूबाईची उंची साडेपाच हजार फुटांच्या आत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळेल. इतक्या उंचीवर साध्या जीपगाडीने, फार कसब नसलेल्या माणसालाही जपून जाता यावे, हे आश्चर्यच आहे. आणि प्रत्येक आश्चर्यामागे कोणाची तरी मजुरी असते.

हा मुलूख मुळात यूट लोकांचा. हरणांच्या मागे आणि ऋतूंच्या मागे हिंडणाऱ्या या लोकांनी पहिल्या पायवाटा पाडल्या. कोणती खिंड आधी मोकळी होते, पाणी कोठे मिळते, कोणत्या कड्यावरून बर्फ कोसळते, हे ज्ञान त्यांचे होते. पुढे या डोंगरांत चांदी-सोने सापडले. १८७३ च्या ब्रुनो कराराने यूटांकडून सान हुआनचा प्रदेश काढून घेण्यात आला, आणि १८८१ मध्ये त्यांच्यापैकी बहुतेकांना तेथून हलवून पश्चिमेस यूटाच्या ओसाड भागात नेण्यात आले. यूरे हे गावाचे नाव त्यांच्याच एका प्रमुखाचे आहे. वाट राहिली, नाव राहिले, माणसे मात्र गेली. सोप्या वाटेच्या इतिहासातले हे पहिले पान आहे आणि ते उलटून पुढे जाणे बरे नव्हे.

त्यानंतर आला ऑटो मिअर्स. हा गृहस्थ १८४० मध्ये रशियन साम्राज्यातील कुरलँड प्रांतात एका ज्यू कुटुंबात जन्मला. लहानपणीच पोरका झाला आणि पोरवयातच कॅलिफोर्नियात येऊन पोचला. त्याच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगतात. १८६७ च्या सुमारास तो पाँचा खिंडीतून गव्हाची गाडी नेत होता. वाट इतकी वाईट की गाडी कलंडली आणि गहू मातीत सांडला. तो भरत असता माजी गव्हर्नर विल्यम गिल्पिन तेथून चालले होते. त्यांनी सांगितले, "येथे टोलचा रस्ता बांध; पण चढ असा बेताचा ठेव की उद्या त्यावरून आगगाडी जाऊ शकेल." गोष्ट जशीच्या तशी घडली की सांगता सांगता रंगली, ते सोडून देऊ. तिच्यातले मर्म मात्र खरे आहे. मिअर्सने पुढे सान हुआनमध्ये सुमारे ४५० मैलांचे टोलरस्ते बांधले, आणि त्यांपैकी काहींवर खरोखरच रूळ पडले.

मर्म आहे ते चढाचे. डोंगर चढणाऱ्या वाटा तीन जातींच्या असतात. पहिली खुरांची. गाढव पाठीवर दीडशे पौंड आणि खेचर तीनशे पौंड घेऊन उभा चढ चढते, दगडांच्या पायऱ्याही चढते. त्याला रुंदी हात-दीड हाताची पुरते. दुसरी चाकांची. खनिज भरलेली घोडागाडी शंभर फूट पुढे जाताना दहा-बारा फुटांहून अधिक चढू लागली की जनावरे बसतात, आणि उतरताना तीच गाडी जनावरांच्या अंगावर येते. म्हणून गाडीरस्त्याला लांब वळसे घ्यावे लागतात, कडा तासून रुंदी काढावी लागते आणि वळणावर सबंध जोडी फिरेल इतकी जागा ठेवावी लागते. तिसरी रुळांची. आगगाडीला शंभरास तीन-चार चढ म्हणजे फार झाला. सिल्व्हर्टन नॉर्दर्न ही मिअर्सची चिमुकली आगगाडी १८९६ मध्ये युरेकापर्यंत आणि १९०४ मध्ये अ‍ॅनिमस फोर्क्सपर्यंत पोचली, तेव्हा शेवटच्या टप्प्यात तिला शंभरास सात चढावे लागत होते, आणि हा चढ आगगाडीच्या मानाने भयंकरच मानला जाई.

आता नवशिक्याने हे तीन प्रकार मनात धरून नकाशा पाहावा. सिल्व्हर्टनहून अ‍ॅनिमस फोर्क्सच्या ओसाड गावाकडे जाणारा कच्चा रस्ता सोपा आहे. का सोपा? कारण युरेकाच्या पुढे तो त्या जुन्या आगगाडीच्याच पट्टीवरून जातो. आगगाडीला जो चढ भयंकर, तो मोटारीला सौम्य. सिल्व्हर्टनच्या उत्तरेस पश्चिमेकडे वळणारी ओफिर खिंडीची वाट ११,७८९ फुटांवर जाते. आधी ती यूटांची पायवाट होती. मग १८८० च्या दशकाच्या आरंभी तिचा गाडीरस्ता झाला. नवशिक्याला पहिली खिंड म्हणून तीच दाखवतात. पश्चिम अंगाला दगडांच्या घसरंडीतून जाणारा एक अरुंद भाग आहे, तेवढा जपून काढावा लागतो. त्याच हमरस्त्यावरून थोडे पुढे गेले की ब्लॅक बेअर खिंडीचा फाटा लागतो. तीही पश्चिमेकडेच उतरते, पण ती एका खाणीपुरती काढलेली वाट. ती टेल्युराइडवरच्या कड्यावरून खडकाच्या पायऱ्यांनी आणि आवळलेल्या वळणांनी खाली येते. त्या भागात गाड्यांना फक्त उतरण्याची मुभा आहे, चढण्याची नाही. डोंगर एक, खडक एक, हवा एक. पण एक वाट नवशिक्याची आणि दुसरी कसलेल्याची. हा भेद निसर्गाने केलेला नाही. वाट कोणी, कोणत्या ओझ्यासाठी आणि किती पैसे खर्चून काढली, त्याने केला आहे.

कोलोरॅडोच्या राज्य विधानभवनात ऑटो मिअर्सचे रंगीत काचेतले चित्र आहे. त्याच्या कर्तबगारीविषयी वाद नाही. यूटांच्या हद्दपारीच्या करारावर सह्या मिळवताना त्याने माणशी दोन डॉलर वाटले, असा ठपकाही त्याच्यावर आला होता, हेही इतिहासात नमूद आहे. परंतु यूरेच्या घळईत कड्याला दोर बांधून लोंबकळत, खडकाला सुरुंगाची भोके पाडणाऱ्या माणसांचे चित्र कोठल्याही काचेत नाही. खेचरांच्या तांड्याबरोबर कमरेइतक्या बर्फातून कोळसा, पीठ आणि लाकूड वर नेणारे, आणि खनिजाची पोती घेऊन खाली येणारे तांडेवाले, यांचीही नावे थोडकीच उरली. १८८४ च्या हिवाळ्यात अ‍ॅनिमस फोर्क्सवर २३ दिवस हिमवादळ चालले, तेव्हा माणसे घरांमधून बोगदे खणून ये-जा करीत, असे सांगतात. त्या वस्तीची रिकामी लाकडी घरे आज हौशी प्रवासी पाहून येतात.

आता इमोजीन खिंडीकडे येऊ. ही १३,११४ फुटांची खिंड यूरे आणि टेल्युराइड यांना जोडते. यूरेच्या बाजूला टॉमस वॉल्शची कॅम्प बर्ड ही सोन्याची खाण, टेल्युराइडच्या बाजूला साडेअकरा हजार फुटांवर टॉमबॉय ही खाण. दोन्ही खाणींचे रस्ते वर जाऊन एकमेकांना भेटले आणि खिंडीची वाट झाली. अनुभवी चालकांना ती आवडते. नवशिक्याने ती एकदम धरू नये, पण तिची हकिकत मात्र ऐकावी.

टेल्युराइडच्या खाणकामगारांची संघटना 'वेस्टर्न फेडरेशन ऑफ मायनर्स' या १८९३ मध्ये स्थापन झालेल्या महासंघाची शाखा होती. १९०१ मध्ये स्मगलर-युनियन खाणीत मालकांनी रोजाऐवजी मापावर मजुरी देण्याची पद्धत आणली. सहा फूट लांब आणि सहा फूट उंच खोदले की ठरलेली रक्कम. मग धातूची शीर दोन फूट रुंद असो की सहा फूट. म्हणजे शीर रुंद लागली की श्रम वाढत आणि दाम तेवढेच राही. कामगारांनी संप केला आणि रोजाची हमी मिळवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या खाणीत आगीचा धूर कोंडून दोन डझन माणसे मेली. संघटनेने १९०२ मध्ये गावात स्वतःचे इस्पितळ बांधले. डोंगरातल्या कामगाराने स्वतःच्या वर्गणीतून इस्पितळ उभारावे, ही गोष्ट आम्हाला कोणत्याही खिंडीच्या उंचीपेक्षा मोठी वाटते.

मग प्रश्न निघाला आठ तासांचा. खनिज कुटणाऱ्या गिरण्यांत दहा-दहा, बारा-बारा तास काम चाले. कोलोरॅडोच्या विधिमंडळाने १८९९ मध्ये आठ तासांचा कायदा केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. १९०२ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने राज्यघटनेत दुरुस्ती करून तसा कायदा करण्याचा आदेश दिला. १९०३ च्या विधिमंडळाने कायदा केलाच नाही. न्यायालयाने नाकारले, लोकांनी दिले, आमदारांनी अडवले! तेव्हा सप्टेंबर १९०३ मध्ये टेल्युराइडच्या गिरणी कामगारांनी काम थांबवले. गव्हर्नर जेम्स पीबॉडी यांनी राज्याची फौज धाडली. जानेवारी १९०४ मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला. स्थानिक तुकडीचा कप्तान बल्कली वेल्स हाच स्मगलर-युनियन खाणीचा व्यवस्थापक होता. मालकाची खुर्ची आणि फौजेची तलवार एकाच हातात होती, यापेक्षा अधिक टीका करण्याची गरज नाही. संघटनेच्या माणसांना घरांतून काढून आगगाडीत कोंबून गावाबाहेर धाडण्यात आले. आगगाडीने हाकललेला माणूस डोंगरवाटेने परत येईल ही भीती होतीच. म्हणून १९०४ मध्ये इमोजीन खिंडीच्या माथ्यावर, तेरा हजार फुटांवर, दगड रचून पहाऱ्याची चौकी उभारली गेली. तिला गव्हर्नरचे नाव दिले: फोर्ट पीबॉडी.

विचार करा. त्या खिंडीची वाट खाणकामगारांच्याच श्रमांनी झाली होती, आणि त्यांनीच त्या वाटेने आपल्या घरी येऊ नये म्हणून तेथे बंदुका उभ्या राहिल्या. महासंघाचे अध्यक्ष चार्ल्स मॉयर यांना ३० मार्च ते १५ जून १९०४ पर्यंत खटल्यावाचून कोंडून ठेवले. त्यांनी गव्हर्नरवर लावलेला दावा १९०९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. संप नोव्हेंबर १९०४ मध्ये मागे घेण्यात आला. गिरण्यांना आठ तासांचा दिवस मिळाला. पण तो मिळवणाऱ्यांपैकी अनेकांना त्या गावात पुन्हा कामाला लागता आले नाही. ती चौकी २००५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत दाखल झाली. आज जीप थांबवून माथ्यावर छायाचित्र काढणाऱ्या प्रत्येकाने त्या दगडांकडे दोन मिनिटे पाहावे, अशी आमची अपेक्षा आहे.

खाणी कायम चालत नाहीत. १८९३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने चांदीची खरेदी थांबवली तेव्हाच अनेक गावे बसली; पुढे सोन्यानेही दम सोडला. सिल्व्हर्टनजवळची सनीसाइड ही मोठी खाण १९९१ मध्ये बंद पडली. तिची एक हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. ४ जून १९७८ रोजी डोंगरमाथ्यावरचे लेक एमा हे तळे तळ फुटून सबंध खाणीत कोसळले. खाणीत त्या वेळी एकही माणूस नव्हता. कारण तो दिवस रविवार होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली, त्या परंपरेतल्या आपल्या लोकांना साप्ताहिक सुट्टीचे मोल निराळे सांगायला नको.

खाणी बंद पडल्या, रस्ते उरले. ते ओस पडले असते. पण दुसऱ्या महायुद्धाने एक नवे वाहन जन्माला घातले. १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली. बँटम, विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी नमुने केले, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या. १९४५ मध्ये विलीजने शेतकऱ्यासाठी म्हणून नागरी जीप बाजारात आणली. चारही चाकांना जोर आणि सावकाश चढणारा खालचा गिअर, यांमुळे जेथे पूर्वी खनिजाची गाडी चार खेचरांनी ओढली जाई, तेथे एक माणूस हौसेने जाऊ लागला. हीच विलीज जीप सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जोडण्याचे काम महिंद्र पेढीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केले. आपल्या तालुक्यांतून वर्षानुवर्षे धावलेली सरकारी जीप आणि आजच्या तरुणाची थार, ही त्याच घराण्यातली. तेव्हा सान हुआनच्या वाटा आपल्याला अगदीच परक्या नाहीत.

यूटा राज्यातील मोआब गावाची कथा याच धर्तीची, पण अधिक जवळच्या काळातली. शेफर वाट ही आधी आदिवासींची पायवाट, मग गुरे उतरवण्याची वाट. १९५० च्या दशकात अणुबाँबसाठी युरेनियम हवे झाले, तेव्हा अणुशक्ती आयोगाने ती रुंद करवली आणि कड्याच्या खाली सुमारे शंभर मैलांची व्हाइट रिम वाट काढली. युरेनियमच्या मालमोटारी चढाव्यात म्हणून वळणे आखली. म्हणूनच कोरड्या हवेत शेफर वाट आज धीराच्या नवशिक्यालाही उतरता येते. १९६४ मध्ये तेथे कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यान झाले. पण त्या काळच्या युरेनियम खाणींत वायुवीजन नव्हते. रेडॉन वायूने फुप्फुसांचा कर्करोग होऊन कितीतरी खाणकामगार मेले. त्यांत नॅव्हाहो जमातीची माणसे पुष्कळ होती. १९६७ मध्ये मजूरमंत्री विलर्ड वर्ट्झ यांनी किरणोत्साराची मर्यादा घालून दिली. भरपाईचा कायदा व्हायला १९९० उजाडले. वाट दहा वर्षांत सोपी झाली. न्यायाला चाळीस वर्षे लागली.

येथवर इतिहास झाला. आता त्याचा व्यवहार. नवशिक्याने सोपी आडवाट शोधताना वाटेला काही प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवतो.

पहिला प्रश्न: तू मुळात कोणते ओझे वाहिलेस? रुळांची पट्टी सर्वांत सौम्य, गाडीरस्ता त्याच्या खालोखाल, खुरांची वाट अवघड, आणि एका खाणीपुरती घाईने काढलेली वाट बेभरवशाची. जुना नकाशा, गावातले संग्रहालय आणि म्हातारी माणसे ही उत्तरे देतात.

दुसरा प्रश्न: आज तुझी निगा कोण राखतो? अल्पाइन लूप दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी मोकळा होतो, तो जिल्ह्याचे कामगार यंत्रांनी बर्फ कापतात आणि दरडी उपसतात म्हणून. सोपेपणा ही एकदा मिळवून ठेवलेली ठेव नव्हे; ती दर वर्षी नव्याने मजुरी देऊन राखावी लागते. गेल्या वर्षी सोपी असलेली वाट यंदा एका पावसाने अवघड झालेली असू शकते. म्हणून निघण्यापूर्वी स्थानिक कचेरीत चौकशी करावी.

तिसरा प्रश्न: तुझ्यावरून जाण्याचा हक्क आहे काय? अमेरिकेत १८६६ च्या एका कायद्यातील एका वाक्याने सरकारी जमिनीवर कोणालाही सार्वजनिक रस्ता पाडण्याची मुभा दिली होती. १९७६ मध्ये ते वाक्य रद्द झाले, पण पूर्वीचे हक्क राखले गेले. कोणती वाट पूर्वीची यावर न्यायालयांत दीर्घकाळ तंटे चालले. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी हुकूम काढून अशा वाहनांना ठरलेल्या वाटांचे बंधन घातले, आणि २००५ च्या नियमाने तेथील वनखात्याला प्रत्येक जंगलातील खुल्या वाटांचा नकाशा छापणे भाग पडले. त्या नकाशात जी वाट नाही ती गाडीला बंद. चाकांच्या खुणा दिसतात म्हणून वाट खुली, असे समजू नये.

चौथा प्रश्न वेळेचा. सान हुआनच्या खिंडी साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खुल्या असतात, आणि उन्हाळ्यात दुपारी तेथे विजा पडतात. म्हणून पहाटे निघून दुपारपूर्वी खिंड उतरावी. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी. उतरताना ब्रेक जाळू नयेत, खालच्या गिअरात इंजिनालाच गाडी धरू द्यावी. एकट्याने जाऊ नये. ज्या वाटेने आलो तिनेच परत फिरता येईल अशी वाट पहिल्या खेपेस निवडावी.

आणि वाट सोडून गवतावर चाक घालू नये. इतक्या उंचीवर वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिने झाडोरा वाढतो. एका चाकाने चिरडलेला पट्टा भरून यायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. खाणींनीही आपली देणी मागे ठेवली आहेत. ऑगस्ट २०१५ मध्ये सिल्व्हर्टनच्या वरच्या गोल्ड किंग या बंद खाणीतून सुमारे तीस लाख गॅलन दूषित पाणी फुटले आणि अ‍ॅनिमस नदी नारिंगी झाली. आधीच्या पिढीचे देणे आपण फेडतो आहोत; त्यात आपली भर नको.

हेच प्रश्न घेऊन आपल्या सह्याद्रीकडे पाहता येईल. नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वीचा. पण ती पाठीवरच्या ओझ्याची, पायऱ्यांची वाट आहे. तेथे जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही आहे. म्हणजे टोल ही मिअर्सची नवलाई नव्हे! बोरघाटात १८३० मध्ये गाडीरस्ता खुला झाला. चढ गाडीच्या बैलांना झेपेल असा काढावा लागला. एक घाट पायांनी चढावा, दुसरा चाकांनी चढता येतो. भेद तोच, ओझ्याचा. आणि आपल्याकडेही वनखात्याची जमीन, देवराई आणि कोणाचे तरी भातखाचर यांची परवानगी चाकाआधी घ्यावी लागते.

श्रोतेहो, सोपी वाट शोधणे यात कमीपणा काही नाही. कामगार चळवळीने शंभर वर्षे दुसरे काय केले? दिवस बारा तासांचा होता तो आठांवर आणला, म्हणजे जगण्याचा चढच बेताचा केला. सोपेपणा ही माणसाने माणसासाठी केलेली गोष्ट आहे आणि ती फुकट होत नाही. तेव्हा नवशिक्याने सोपी वाट खुशाल शोधावी, तिच्यावरून आनंदाने जावे, दरड उपसणारा कामगार वाटेत दिसला तर गाडी सावकाश करावी, आणि वाट मिळाली होती तशीच मागच्या माणसासाठी सोडावी. एवढे केले की त्या वाटेचे देणे थोडेफार फिटले, असे आम्ही समजतो.